या वयात आता कशाला?

"या वयात आता कशाला?" हा प्रश्न आपल्या घरांतून ज्या सहजतेने विचारला जातो, त्या सहजतेने दुसरा क्वचितच कोणता विचारला जात असेल. म्हातारपणी कोणी मोतीबिंदू काढून घेतो म्हणाले, नवी कवळी बसवून घेतो म्हणाले, एकदा वेलंकनीला जाऊन येतो म्हणाले, की ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी तोंडून तो बाहेर पडतोच. विचारणारा क्रूर नसतो. बहुधा तो त्या वृद्ध माणसावर माया करणारा, त्याला दगदग होऊ नये म्हणून जपणारा असतो. पण हा खरे तर प्रश्न नसतोच. उत्तर अगोदरच ठरलेले असते आणि ज्याच्याविषयी ते ठरले, त्याला ते ऐकवलेही जात नाही.

२०११ साली हा प्रश्न मी माझ्या आत्याविषयी विचारला. त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आत्याला मूलबाळ नव्हते. नवरा गेल्यावर ती माहेरच्या वाडीत, आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागली. केळीची बाग स्वतः बघायची, रविवारची पहिली मिस्सा कधी चुकवायची नाही. त्या वर्षी ती ७४ वर्षांची होती. अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात वालाच्या दाण्याएवढी गाठ लागली होती आणि ती तिने पाच महिने कोणाला सांगितली नव्हती. दुखत नव्हती, हे तिचे कारण. पुढे स्तनाग्र आत ओढले गेलेले दिसले तेव्हा ती घाबरली आणि एका संध्याकाळी माझ्या कानाशी लागून बोलली.

तपासण्या झाल्या. गाठ कर्करोगाची निघाली; इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसणाऱ्या जातीची. डॉक्टरांनी माझ्या भावाला आणि मला आत बोलावले. आत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. शस्त्रक्रिया करता येईल, किंवा नुसत्या गोळ्यांवरही ठेवता येईल, असे ते म्हणाले; आणि पुढे त्यांनी दोन वाक्ये उच्चारली, ती मला शब्दशः आठवतात. "या वयात शरीराची प्रतिकारशक्ती राहिलेली नसते. आणि म्हाताऱ्या माणसांत हा आजार तसा सावकाशच जातो." भावाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मग या वयात कापाकापी कशाला?" दहा मिनिटांत निर्णय झाला. बाहेर येऊन आम्ही आत्याला सांगितले की साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल.

त्या दोन वाक्यांनी मला पुढे बराच काळ छळले. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, इतकीच माझी पात्रता. परंतु ज्या विधानावर एका माणसाचे भवितव्य मी दहा मिनिटांत ठरवले, ते विधान खरे होते का, हे पाहणे माझे कर्तव्य होते. ते मी फार उशिरा केले. वाचता वाचता एवढे ध्यानात आले, की ती दोन्ही वाक्ये खोटी नव्हती आणि पुरती खरीही नव्हती.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. शतकानुशतके शवविच्छेदन करणाऱ्यांनी ती पाहिली, पण तिचे काम काय हे कोणाला सांगता येत नव्हते. उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला एक निरुपयोगी अवशेष, अशीच तिची बहुधा गणना होत असे. १९६१ मध्ये लंडनमधील जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या शरीरातून ती काढून टाकली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. त्या उंदरांत संरक्षक लसिका पेशींचा तुटवडा पडला, परक्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारीना आणि त्यांतले कित्येक खंगून मेले. निरुपयोगी म्हटलेली ही ग्रंथी म्हणजे शरीराची शाळाच निघाली. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी तेथे येतात, आपले कोण आणि परके कोण हे ओळखायला शिकतात, आणि ज्यांना ते जमत नाही त्या तेथेच मरतात. फार थोड्या उत्तीर्ण होतात. थायमसवरूनच त्यांना टी-पेशी हे नाव पडले.

ही शाळा मात्र फार लवकर ओस पडू लागते. वयात आल्यानंतर ग्रंथी आकसत जाते, तिच्या जागी चरबी भरत जाते, आणि साठी-सत्तरीपर्यंत तिचा थोडकाच भाग उरतो. ज्या गावची शाळा बंद पडली त्या गावात शिकलेली माणसे लगेच संपत नाहीत. जुने विद्यार्थी असतातच. म्हाताऱ्या शरीरात तसेच होते. पूर्वी भेटलेल्या शत्रूंची आठवण ठेवणाऱ्या पेशी भरपूर असतात, आणि नवे, न पाहिलेले रूप ओळखू शकणाऱ्या कोऱ्या पेशी विरळ होत जातात. नव्या लसीला वृद्धांचे शरीर तरुणांइतका जोमदार प्रतिसाद देत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि कर्करोग हा तर अवघड पाहुणा. तो बाहेरून आलेला नसतो. तो आपल्याच घरातला, रूप थोडेसे बदललेला. त्याचा बदललेला चेहरा ओळखायला कोऱ्या पेशीच लागतात.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. म्हातारपणी प्रतिकारसंस्था नुसती थंडावत नाही. एका अर्थी ती सारखी धुमसतही राहते. राखेखालच्या निखाऱ्यासारखा एक मंद दाह वृद्ध शरीरात सदैव चालू असतो, हे इटलीचे क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली मांडले आणि वार्धक्य व दाह या दोहोंना जोडणारा एक शब्द वैद्यकाला दिला. थकलेल्या टी-पेशी विभागण्याचे थांबवतात, पण दाह वाढवणारी द्रव्ये सोडीतच राहतात. असा दाह गाठीला मारण्याऐवजी कित्येकदा तिला खतपाणी घालतो. शिवाय शरीरात आवर घालणाऱ्याही टी-पेशी असतात. स्वतःच्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून त्या इतरांना रोखून धरतात. जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेतील मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयातील कामासाठी. वय वाढते तसे या आवरणाऱ्या पेशींचे प्रमाणही वाढत जाते, असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. वृद्धांचा स्वभाव निवळतो असे आपण म्हणतो. रक्तही काहीसे निवळते म्हणायचे.

या सगळ्याचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. स्तनातील गाठीचा पातळ काप घेतला तर कर्कपेशींच्या आसपास, त्यांच्यामध्ये घुसलेल्या, लहान गोल गडद लसिका पेशी दिसतात. शरीराने गाठीची दखल घेतल्याची ती खूण. ज्या जातीच्या गाठींवर संप्रेरकांचे अथवा हर-२ प्रथिनाचे ग्राही नसतात, त्या जहाल जातीत या पेशी जितक्या अधिक, तितके रुग्णाचे भवितव्य बरे, हे आता सर्वमान्य झाले आहे. वृद्ध स्त्रियांच्या गाठींत त्या सरासरीने कमी आढळतात. डॉक्टरांचे पहिले वाक्य येथवर खरे. दुसरेही बरेचसे खरे: वृद्धापकाळी होणारा स्तनाचा कर्करोग बहुतेक वेळा संप्रेरकावर पोसणारा, सावकाश वाढणारा असतो. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नव्हे, आणि सावकाश चालणारा माणूसही मुक्कामाला पोहोचतोच.

आता येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपण ज्या ठिकाणी घसरतो ते ठिकाण हेच आहे. वयाबरोबर प्रतिकारशक्ती क्षीण होते, हे एक वर्णन आहे. म्हणून वृद्ध स्त्रीवर पुरते उपचार करू नयेत, हा एक निर्णय आहे. वर्णनातून निर्णय आपोआप निघत नाही. मध्ये एक पायरी असते आणि ती आपण अंधारात ओलांडतो. त्याच वर्णनातून नेमका उलटा निष्कर्षही काढता येईल. वाडीचा राखणदार म्हातारा झाला, तर शहाणा मालक काय करतो? कुंपण काढून टाकतो, की दाराला अधिक मजबूत कडी बसवतो? शरीराचे आतले बळ उणे पडत असेल तर बाहेरच्या मदतीची गरज वाढली, असे म्हणायला काय हरकत होती? मी तसे म्हटले नाही. का म्हटले नाही, याचे उत्तर विज्ञानात सापडत नाही.

शिवाय ते वर्णन वाटते तितके सरळही नाही. प्रतिकारशक्ती दुबळी झाल्यामुळेच उतारवयात कर्करोग वाढतात, असे असते तर ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्या मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत सर्वच कर्करोग वाढायला हवे होते. काही वाढतात, आणि खूप वाढतात. स्तनाचा कर्करोग मात्र त्यांच्यात वाढलेला आढळत नाही. २०१९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले, की जहाल जातीच्या स्तनकर्करोगात प्रतिकारशक्तीचा आवर सैल करणारे औषध तरुण उंदरांत उपयोगी पडते आणि म्हाताऱ्या उंदरांत पडत नाही. पण त्यांचे काम तेथे संपले नाही. दुसऱ्या एका औषधाची जोड दिल्यावर म्हातारे उंदीरही प्रतिसाद देऊ लागले. म्हणजे क्षमता मेलेली नव्हती, निजलेली होती. आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात तर २०१८ मध्ये उलटेच दिसून आले: तेथे वयस्क रुग्णांना अशाच औषधाचा तरुणांहून अधिक लाभ झाला. एका अवयवातला न्याय दुसऱ्याला लावता येत नाही.

थायमसची गोष्टही अजून संपलेली नाही. प्रौढपणी ती ग्रंथी नाममात्रच उरते, म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाटेत आली तर ती काढून टाकण्याचा प्रघात आहे. २०२३ मध्ये बोस्टनच्याच एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद तपासली. ग्रंथी काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांच्या आत मरण पावले होते; तशाच शस्त्रक्रिया झालेल्या पण ग्रंथी शाबूत असलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. कर्करोगाचे प्रमाणही पहिल्या गटात जवळपास दुप्पट निघाले. ज्या आकसलेल्या, चरबीने भरलेल्या अवयवाला आपण वाटेतली अडगळ समजत होतो, तो शेवटपर्यंत काहीतरी करीत होता. हे वाचले तेव्हा मला आत्याच्या दोन खोल्या आठवल्या.

युद्धाची भाषा या विषयाला चिकटलेली आहे: सैन्य, शत्रू, हल्ला. मीही वर ती वापरली. लेखिका सूझन सोन्टॅग यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९७८ मध्ये त्यांनी या रूपकांविरुद्ध एक पुस्तकच लिहिले. त्यांचे सगळेच मला पटते असे नाही, पण एक धोका मला आता दिसतो. सैन्य म्हटले की म्हातारा सैनिक निवृत्तच करायचा असतो.

मग वृद्ध स्त्रियांना कोणता उपचार मानवतो हे आपल्याला कसे कळणार? त्यांच्यावर करून पाहूनच. पण नेमके तेच फार काळ झाले नाही. प्रतिकारशक्तीचा आवर सोडवणाऱ्या औषधांमागील शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. या वर्गातील पेम्ब्रोलिझुमाब हे औषध शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीच्या जोडीने दिले असता जहाल जातीची गाठ समूळ नाहीशी होण्याचे प्रमाण ५१.२ टक्क्यांवरून ६४.८ टक्क्यांवर गेले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियापूर्व उपचारात एवढी झेप म्हणजे मोठेच यश. पण त्या प्रयोगातील स्त्रियांचे मध्यम वय होते ४९. प्रयोगशाळेत वापरले जाणारे उंदीरही बहुतेक तरुणच असतात. म्हणजे ज्यांना विचारलेच नाही, त्यांच्याविषयी काही माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून त्यांना द्यायचे नाही. आमच्या घरात जे घडले त्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणावी लागेल.

जेथे विचारले गेले तेथे काय उत्तर मिळाले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ६३३ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. म्हाताऱ्यांना सोसवेल म्हणून तोंडाने घ्यायची सौम्य केमोथेरपी पुरेशी होईल का, असा प्रश्न होता. दुसऱ्या गटाला नेहमीची कडक केमोथेरपी दिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: सौम्य औषध घेतलेल्यांत रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट होता. जपण्याच्या हेतूने केलेली ती दया महागात पडली असती.

पण सर्वत्र अधिक म्हणजे चांगले, असेही नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण स्वतःला दोष देण्याच्या भरात माणूस दुसऱ्या टोकाला जातो. २०२३ मध्ये एडिंबरा येथून चालवलेल्या एका प्रयोगाचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ६५ वर्षे व त्यावरील १,३२६ स्त्रिया; लहान, संप्रेरकावर पोसणारी गाठ काढलेली, काखेत रोग न पसरलेला, गोळ्या चालू. निम्म्यांना किरणोपचार दिले, निम्म्यांना दिले नाहीत. किरण न घेतलेल्यांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ९.५ टक्के होते, घेतलेल्यांत ०.९ टक्के. हा फरक लहान नाही. पण दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण एका गटात ८०.८ टक्के आणि दुसऱ्यात ८०.७ टक्के! अशा स्त्रीला आठवडेच्या आठवडे रुग्णालयाच्या फेऱ्या घालायला लावाव्यात की नाही? आकडे एवढेच सांगतात की दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. कोणती धरायची, हे ज्या स्त्रीला चालायचे आहे तिनेच सांगायचे. एखादीला रोग पुन्हा डोकावण्याची धास्ती सोसवणार नाही, एखादीला रोजची लोकलची गर्दी.

आपल्या मुंबईतही या विषयाचे एक मोठे काम झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने स्तनतपासणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत, पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, किरण नाहीत. नुसता जाणता हात. वय वाढल्यावर कशाला, या प्रश्नाला वस्तीतल्या बायांनी दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्या पाहणीत ३५ ते ६४ वयाच्या स्त्रिया घेतल्या होत्या. प्रत्येक प्रयोगाला कोठेतरी रेघ ओढावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. आत्या त्या रेघेच्या दहा वर्षे पलीकडे होती.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. अमेरिकन नीतिचिंतक डॅनियल कॅलहन यांनी १९८७ मध्ये असे मांडले, की माणसाने आपले स्वाभाविक आयुष्य जगून झाल्यावर समाजाने त्याला वेदनामुक्त ठेवावे, सांभाळावे, पण केवळ आयुष्य लांबवण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चू नये. हा माणूस निर्दय नव्हता. नातवंडांच्या पिढीचा विचार करीत होता. एका पगारावर चालणाऱ्या घरात आजीच्या इंजेक्शनांसाठी नातीचे शिक्षण थांबवायचे का, हा प्रश्न आपल्या पॅरिशमध्ये अनेकांपुढे उभा राहिलेला आहे आणि त्याला लेख लिहून उत्तर देता येत नाही. पण कॅलहन जे म्हणत होते ते उघडपणे, सर्वांसमक्ष, सर्वांना लागू होणारा नियम म्हणून. आम्ही जे केले ते बंद दाराआड, एका बाईपुरते, आणि तिच्याशी खोटे बोलून. खर्चाचा विषय तर त्या दहा मिनिटांत निघालादेखील नव्हता.

पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणाची या संदर्भात नेहमी आठवण काढली जाते. जीव वाचवण्यासाठी सामान्य साधने वापरणे कर्तव्य आहे, असामान्य साधनांची सक्ती नाही, हा त्यातला भाग आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेला असतो, आणि वृद्धांचे उपचार थांबवताना तोच पुढे केला जातो. त्याच भाषणातील दुसरा भाग मात्र कोणी सांगत नाही. डॉक्टरला रुग्णावर स्वतंत्र असा अधिकार नाही; रुग्णाने उघड वा गर्भित संमती दिली तरच त्याला काही करता येते. आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर कुटुंबाचा हक्क त्या रुग्णाच्या इच्छेचा अंदाज घेण्यापुरताच असतो. आत्या तर पूर्ण शुद्धीवर होती. दारापलीकडच्या बाकावर बसली होती.

तिच्याशी आम्ही खोटे बोललो ते तिच्या मनाला धक्का बसू नये म्हणून, असे मी त्या वेळी पाद्रीबाबांनाही सांगितले असते. आज मला वाटते, धक्का आम्हांला नको होता. तिच्यासमोर तो शब्द उच्चारायचा, तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे, मग तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, याला जे बळ लागते ते आमच्यात नव्हते. प्रतिकारशक्ती कोणाची कमी पडली होती, हे मी वाचकांवर सोपवते.

तीन वर्षे गोळ्यांनी काम केले. गाठ आक्रसली होती, ती २०१४ मध्ये पुन्हा वाढली आणि वरची कातडी लाल होऊन फुटू लागली. या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हां दोघांना बाहेर बसायला सांगितले आणि आत्याला आत घेतले. काचेतून मला दिसत होते: बाई कागदावर चित्र काढून दाखवीत होत्या आणि आत्या चष्मा लावून ओणवी होऊन पाहत होती. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. शस्त्रक्रिया करून घेणार आहे, एवढेच म्हणाली. ७७ व्या वर्षी ती झाली आणि पाचव्या दिवशी ती घरी परतली.

त्या पावसाळ्यात एकदा भाजी निवडताना तिने विषय काढला. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच अवघड गेले. "तेव्हा मीपण गोळ्याच घेतल्या असत्या, बाय," ती म्हणाली. "सुरीचं मला भ्याच होतं. पण मला विचारायचं होतं ना."

मी काही बोलू शकले नाही. निर्णय तोच झाला असता, परिणामही तोच. मग आमचे चुकले ते नेमके काय, असे एखादा तर्कशास्त्री विचारील. ती तीन वर्षे तिची होती, आणि ती तिने आमच्या सांगण्यावरून दुसऱ्याच एका आजाराची समजून घालवली. तिला त्या काळात कोणाची क्षमा मागायची होती का, बागेचे काय करायचे ते ठरवायचे होते का, नुसते रडायचे होते का, हे आता विचारूनही उपयोग नव्हता. मी विचारलेही नाही. त्यानंतर ती पाच वर्षे जगली आणि २०१९ मध्ये, ८२ व्या वर्षी, हृदयविकाराने झोपेत गेली.

शस्त्रक्रियेनंतरचा तपासणीचा अहवाल आला, तेव्हाची एक संध्याकाळ सांगून थांबते. अहवाल तीन पानांचा, इंग्रजीत. आत्या म्हणाली, "सगळा वाच. एक अक्षर सोडू नको." आम्ही ओसरीवर बसलो. मी एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. गाठ किती सेंटीमीटर, कडा मोकळ्या की नाहीत, काखेतल्या किती गाठी काढल्या, त्यांपैकी कितींत रोग होता. ती मान हलवीत होती, मध्येच थांबवून पुन्हा विचारीत होती. पुढे एक ओळ आली: गाठीभोवती लसिका पेशींचा सौम्य शिरकाव. तिने याचा अर्थ विचारला. मी म्हणाले, शरीराच्या राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या गाठीपर्यंत येऊन पोहोचलेल्या दिसल्या.

"किती?"

"थोड्याच, आत्या. वयामुळे कमी येतात म्हणे."

तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला.

"आल्या ना पण," ती म्हणाली. "बरं, पुढे वाच."